अकरा कोऱ्या ओळी

१

गुरुवारी सकाळी सुलू वरठा माझ्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. शेजाऱ्यांची कोंबडी पुन्हा चिकूच्या आळ्यात शिरली होती. सुलू चार वर्षं मला रानभाजी आणून देते. "आज नको गं भाजी," असं मी तिच्याकडे न बघताच ओरडले. ती उठली नाही. मग मी वर पाहिलं, तर टोपली नव्हती आणि कपाळावर कुंकूही नव्हतं.

"बाई, बुधा गेला," ती म्हणाली. "मागच्या शुक्रवारी. कंपनीत."

अरे देवा! मी तिच्याजवळ जाऊन बसले.

बुधा तिचा नवरा. बोईसरच्या एका लहानशा केमिकल कंपनीत तो रिॲक्टरवर असे. रिॲक्टर म्हणजे वाफेवर तापणारं मोठं बंद भांडं. त्यातला दाब फार वाढला की भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, म्हणजे वाफ बंद होते आणि थंड पाणी सुटतं. मागच्या शुक्रवारी भर सकाळी ते भांडं फुटलं. कंपनीनं पोलिसांना लिहून दिलं की बुधा झोपला होता, त्यानं बटण दाबलंच नाही.

"झोपला असंल तर माजं काय म्हननं नाय," सुलू म्हणाली. "मानूस हाय, झोपतो. पन त्याला शेवटची आंगोल घातली तवा मी पायलं. उजवा पंजा काळानिळा झालता. भाजलेला नाय बाई, ठेचलेला. आन चिंतूनं त्याला उचलून भायेर आनला, तो सांगतो, बटनाच्या खालीच पडला व्हता, भिंतीला टेकून."

चिंतू हा बुधाचा धाकटा भाऊ, त्याच कंपनीत. मी विचारलं, "मग तुझं म्हणणं काय?"

"बुधा झोपला असंल तर चिंतू जागा राईल आन वाचंल. पन त्यानं बटन दाबलं असंल आन यंत्र थांबलंच नसंल, तर? चिंतू पलीकडच्या शेडमंदी तसल्याच बटनापाशी उभा रातो. उद्या त्याची सकाळची पाळी हाय. तुमी यंत्रांचं शिकवायच्या ना? मला तेवडं सांगा. माज्या मानसानं बटन दाबलं का नाय."

उद्या शुक्रवार होता. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

२

मी सुगंधा सावे. पालघरला एका तांत्रिक शाळेत तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पोरं मागून मला 'तापली बाई' म्हणायची, ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्यांना मी कान धरून सोल्डरिंग शिकवलं, ती आता सालवडपासून तारापूरपर्यंत यंत्रं चालवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवत बसलेली आहेत. बुधाच्या रिॲक्टरचा बोर्ड ललित चुरीचा, म्हणजे माझ्याच हाताखालचा.

पोलीस उपनिरीक्षक वैष्णवी भोईर या प्रकरणाचा तपास करत होत्या. मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं मॅडम. त्या मशीनच्या नोंदी मला वाचता येत नाहीत आणि उद्या मला फाईल बंद करायची आहे." दुपारी आम्ही दोघी सालवडला ललितच्या गाळ्यात पोचलो.

ललितनं मला पाहिलं आणि त्याच्या हातातली सोल्डर गन खाली पडली. "बाई, मी मारलं त्याला," तो म्हणाला.

"गप बस आणि पाणी पी," मी म्हटलं. "आधी मला सांग, बटणाची वायर कुठे जाते?"

"बोर्डात."

"का? अरे गाढवा, जीव वाचवायचं बटण थेट लाईन तोडतं! मधे कुणालाही विचारत नाही! हे मी शिकवलं नव्हतं का तुला?"

"शेठ म्हणाले, थेट दिलं तर पोरं उठसूट मशीन बंद करतात आणि कुणी केलं ते कळत नाही. बोर्डातून दिलं की नोंद राहते." तो मान खाली घालून बसला. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

वैष्णवीनं नोंदींचा कागद टेबलावर पसरला. बोर्डावरची चिप दर मिनिटाला एक ओळ लिहिते, दाब अमुक, तापमान तमुक. दहा छप्पन्नला ओळ होती : दाब मर्यादेपार. त्यानंतर एकदम अकरा वाजून आठ मिनिटं बारा सेकंद : मालकांना मेसेज पोचला. आणि खाली, त्याच सेकंदाला : बटण दाबलं. मधल्या अकरा मिनिटांच्या अकरा ओळी नव्हत्याच.

"मेमरी गंडली असेल," ललित पुटपुटला.

"गंडलेली मेमरी वेडंवाकडं लिहिते. ही लिहायचीच थांबली आहे. त्या अकरा मिनिटांत चिप दुसऱ्या कामात अडकली होती."

वैष्णवीनं विचारलं, "चिप अडकते म्हणजे?"

मग मी तिला तेच सांगितलं जे तीस वर्षं वर्गात सांगत आले. समज, मी भाकऱ्या थापते आहे. ते माझं रोजचं काम. दाराची बेल वाजली. मी तवा उतरवते, कितवी भाकरी चालली होती ते लक्षात ठेवते, दार उघडते, आणि परत येऊन तीच भाकरी पुढे थापते. या बेलला इंटरप्ट म्हणतात. आता दारात दूधवाल्याशी बोलत असताना साहेबाचा फोन वाजला तर? इथे पोरं नेहमी हसायची, कारण मी कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "साहेबाचा फोन आधी!" म्हणजे प्रत्येक बेलला एक नंबर असतो. एक नंबरवाला दोन नंबरवाल्याला मधेच थांबवू शकतो. दोन नंबरवाल्याला मात्र एक नंबरचं काम संपेपर्यंत ताटकळावं लागतं.

"आणि या बोर्डावर एक नंबर कोणाचा?" वैष्णवीनं विचारलं.

ललितनं त्याच्याकडचा मूळ प्रोग्रॅम उघडला. एक नंबर, बटण. दोन नंबर, मालकाला मेसेज. सगळं जिथल्या तिथे होतं. बटण दाबलं असतं तर चिपनं हातातलं सगळं टाकून त्याच क्षणी वाफ बंद केली असती.

"म्हणजे मॅडम," वैष्णवी सावकाश म्हणाली, "त्यानं वेळेवर दाबलंच नाही."

कागदावर तरी बुधा झोपलेला होता.

३

कंपनीचे मालक प्रतापशेठ टेबलावर फोन उभा करून बसतात. "माझ्या कंपनीत मला कळल्याशिवाय पान हलत नाही, मॅडम," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात या ऑपरेटरांनी दोनदा मशीन बंद केलं, माल वाया घालवला आणि मला दुपारी कळलं. मी सुपरवायझरला सांगितलं, यापुढे पहिली खबर मला!" त्यांनी फोनवरचा मेसेज दाखवला. दाब वाढल्याचा तो निरोप त्यांना अकरा आठला मिळाला होता. "बारा मिनिटं उशिरा. तुमच्या त्या ललितचं यंत्र भंगार आहे."

बुधाच्या शेडला सील होतं. वैष्णवीनं ते उघडलं. आत अजून आंबट, जळकट वास होता. भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं : धोका दिसताच बटण दाबा. जागा सोडू नका. बाजूला जुना पेनवाला रेकॉर्डर होता, गोल कागदावर दाबाची रेघ काढणारा. त्याचा चिपशी काही संबंध नव्हता. रेघ दहा छप्पन्नपासून चढत गेली होती आणि अकरा तीनला सरळ खाली आली होती. भांडं तेव्हा फुटलं होतं. म्हणजे बटणाची नोंद बुधा खाली पडल्यावर पाच मिनिटांनी झाली होती.

"ते मी दाबलं, बाई," मागून आवाज आला. सुपरवायझर प्रणव शिर्के. तिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेलं, सारखे तळहात पुसणारा. "मी कॅन्टीनमधे होतो. आवाज झाला, तोंडाला रुमाल बांधून धावत आलो आणि बटण दाबलं."

"बुधा कुठे होता?"

"तिथे, खुर्चीत. मान खाली घालून."

"आणि बटण चालतं?"

"चालतं, बाई. अपघाताच्या आधीच्या मंगळवारी मी स्वतः तपासलं होतं."

"मंगळवारीच का?"

त्यानं पुन्हा तळहात पुसले. "असंच. नेहमीची तपासणी."

बाहेर पडताना पलीकडच्या शेडचं दार उघडं दिसलं. आत चिंतू तसल्याच लाल बटणापाशी उभा होता. त्यानं मला ओळखलं आणि हसून हात केला.

४

शुक्रवारी सकाळी मी चहा टाकला आणि नऊला पंखा थांबला. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. आदल्या दिवशी टाकी भरायची, मिक्सरचं काम उरकायचं, हे इथल्या बायकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. कारखाने जनरेटरवर चालतात. आणि तासा-दीड तासानं टॉवरची बॅटरी उतरली की फोनची रेंजही जाते.

चहा उतू गेला तरी मी तशीच उभी होते.

रेंज जाते. बुधा गेला तो शुक्रवार होता. दहा छप्पन्नला दाब वाढला, चिप मालकाला मेसेज पाठवायला गेली, आणि रेंज नव्हती. मेसेज पोचल्याचा होकार येईपर्यंत ती तिथेच खिळून बसली. वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करणं, दर मिनिटाची ओळ लिहिणं, सगळी रोजची कामं तशीच पडली. अकरा आठला टॉवरचा जनरेटर कुणीतरी सुरू केला असणार. मेसेज गेला आणि चिप मोकळी झाली.

मग बटण? बुधा बटण ठेचत राहिला, हात काळानिळा होईपर्यंत. पण ताटकळलेल्या बेलची चिप एकच खूण ठेवते. वीस वेळा दाबा, खूण एकच. आणि नोंदीत वेळ पडते ती दाबल्याची नाही, चिपला सवड मिळाली त्या क्षणाची. म्हणूनच मेसेज आणि बटण एकाच सेकंदाला नोंदले गेले. त्या सेकंदाला बटणापाशी कुणीच नव्हतं!

पण हे घडायला मेसेज एक नंबरला हवा आणि बटण दोनला. ललितच्या कागदावर तर उलटं होतं. कुणीतरी ते आकडे बदलले होते.

मी ललितला फोन लावला. "प्रोग्रॅम भरायची केबल तुझ्याशिवाय कुणाकडे आहे?"

"प्रणवकडे एक आहे. का हो बाई? त्याला येतं सगळं. तुमचाच विद्यार्थी तो. माझ्या दोन वर्षं मागे होता, शेवटच्या बाकावर बसायचा."

मला तो आठवत नव्हता. सगळी कंपनी मला मॅडम म्हणत होती, तो एकटा बाई म्हणत होता, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

घड्याळात साडेनऊ झाले होते. चिंतू सातपासून पाळीवर होता. वैष्णवीला आणि ललितला कंपनीत यायला सांगितलं आणि रस्त्यावर धावत जाऊन पहिली दिसली ती रिक्षा थांबवली.

५

आम्ही शेडमधे शिरलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. माझ्या फोनवर रेंजची एकच काडी उरली होती. भांडं तापलेलं होतं, चिंतू बटणापाशी, प्रणव बोर्डाच्या पॅनेलपाशी. दाबाचा काटा हळूहळू वर चालला होता. ललितला मी आत येऊच दिलं नाही. त्याला काय करायचं ते मी दारातच कानात सांगितलं होतं.

"हे बंद करा," वैष्णवी म्हणाली.

"माल अर्ध्यावर आहे, शेठना विचारावं लागेल," प्रणव म्हणाला. शेठही मागोमाग आले होते. ते म्हणाले, "कशासाठी बंद करायचं? बटण चालतंय ना?"

"चालतं म्हणतोय हा," मी म्हटलं. "चिंतू, तू बाहेर जा. प्रणव, तू उभा राहा त्याच्या जागी. दाब मर्यादेपार गेला की बटण दाब. एवढंच करायचं आहे."

तो बटणाजवळ गेला. हात वर केला. माझ्या फोनवरची काडी गेली. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं पाहिलं, काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघेला टेकला, बोर्डावरचा मेसेजचा दिवा लुकलुकायला लागला, आणि शेडमधे फक्त भांड्याचा घुमणारा आवाज उरला. वैष्णवीनं माझा दंड घट्ट पकडला होता. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

पाचव्याला प्रणव पळाला. बटणाला हात न लावता. तो थेट बाहेर बॉयलरकडे गेला, जिथे वाफेचा हाताचा व्हॉल्व्ह आहे. तिथे ललित उभा होता. आम्ही शेडमधे शिरलो तेव्हाच त्यानं तो व्हॉल्व्ह बंद केला होता. काटा चढला तो आधीच आत भरलेल्या वाफेवर, आणि आता तो खाली येत होता.

"बटण चालतं ना रे?" मी विचारलं. "मग पळालास कशाला?"

तो व्हॉल्व्हला टेकून खाली बसला.

वैष्णवी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बुधा खुर्चीत होता म्हणालात. चिंतूनं त्याला बटणाच्या खालून उचललं. बटण दाबायला तुम्हाला त्याला ओलांडावं लागलं असतं. तुम्ही आत गेलाच नव्हता."

"नव्हतो," तो म्हणाला. "शेठ म्हणाले, मला कळायच्या आधी कुणी मशीन बंद करायचं नाही. मी दोन्ही बोर्डांवर फक्त दोन आकडे बदलले, बाई. मंगळवारी तपासलं. मेसेज चार सेकंदांत गेला, मग बटण चाललं. चार सेकंदांनी काय होतं?"

"मंगळवारी रेंज असते."

"हो."

"बुधा गेल्यावर तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. नोंदी बघून."

"आणि तरी चिंतूला इथे उभं केलंस?"

"हे मशीन बंद केलं असतं तर विचारलं असतं ना, का बंद केलं म्हणून." तो रडत होता. माझा हात उठला होता, वैष्णवीनं तो धरला.

शेठ म्हणत होते, मी आकडे बदलायला सांगितलं नव्हतं, मला त्यातलं काही कळत नाही. वैष्णवीनं दोघांनाही गाडीत बसवलं. ललित माझ्याकडे बघत होता. "मेसेजसाठी चिपला खिळवून ठेवलंस तू, हे विसरू नकोस," मी त्याला म्हटलं. "निरोप घ्यायचा आणि परत फिरायचं. आत ठाण मांडायचं नाही, हेही मी शिकवलं होतं." तो हो म्हणाला.

मग मी पॅनेलचं दार उघडलं. माझ्या पोरांना मी एक शिस्त लावली होती. प्रोग्रॅमचा कागद घडी करून पॅनेलच्या दारात ठेवायचा, आणि काही बदललं तर पेन्सिलीनं तारीख आणि कारण लिहायचं. शेवटच्या बाकावरच्या पोरानंही ती पाळली होती. बटण एकवरून दोन. मेसेज दोनवरून एक. अपघाताआधीच्या मंगळवारची तारीख. आणि पुढे, सुबक अक्षरात, कारण :

'साहेबाचा फोन आधी. (सावेबाई)'

६

त्याच दुपारी सुलूच्या पाड्यावर मी एकटीच गेले. ती दारात बसली होती, चिंतू तिच्या बाजूला. मी त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

"दाबलं होतं," मी म्हटलं. "दहा छप्पन्नपासून दाबत होता. पळू शकला असता, पण भिंतीवर लिहिलं होतं जागा सोडू नका, म्हणून तो थांबला. मशीनला सवड नव्हती."

सुलूनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ रडली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत असावी. मी थांबले. मूळ कागद वैष्णवीनं जप्त केला होता. मी उतरवून घेतलेली त्याची नक्कल काढली आणि तिला वाचून दाखवली, कारण हे न सांगता मला तिथून उठता आलं नसतं. तीस वर्षं मी हसवण्यासाठी काय बोलत होते, तेही सांगितलं. दूध उतू जातंय, पोर चुलीकडे रांगतंय, असं कुठलंही उदाहरण मला देता आलं असतं. मी साहेबाचा फोन सांगितला.

सुलू कागदाकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही. "ही तुमची पोरं किती हायत?" तिनं विचारलं.

"हजारभर असतील."

"सगळी असलीच यंत्रं करतात?"

"बरीचशी."

"मग हितं काय बसलाव, बाई?" ती म्हणाली. "जावा. येकेकाला सांगा. माज्या मानसाचं नाव घेऊन सांगा."

घरी येऊन मी जुन्या हजेरीच्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षाच्या पहिल्या नावापासून सुरुवात केली. शुक्रवार होता, फोन लागत नव्हता. रेंज यायची वाट बघत मी तशीच बसून राहिले.